पंचांच्या ओळीतला सुतार

बंगळुरूत इब्लूरचा चौक मागे टाकून सर्जापूर रोडला लागलं की आधी डोळ्यांत भरतात त्या दुकानांच्या पाट्या. प्लायवुड, लॅमिनेट, बिजागऱ्या, कुलपं, फरशा, नळ, पडद्यांचे गज. कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नळ्ळी, कार्मेलराम, कोडती, दोम्मसंद्र अशी गावं एकामागून एक येतात. त्यांच्या शेतांवर आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींमध्ये देशभरातून आलेली माणसं घरं लावत बसली आहेत. विप्रोचं मुख्यालय याच रस्त्यावर आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून आलेली मराठी कुटुंबंही इथे पुष्कळ.

सकाळी साडेआठच्या सुमारास कुठल्याही मोठ्या वसाहतीच्या मागच्या फाटकाशी उभं राहावं. सुतार, रंगारी, प्लंबर, फरशीवाले रांगेत असतात. पहारेकरी पिशवी उघडून हत्यारं बघतो, नोंद करतो, पास देतो. राजस्थानचे सुथार-जांगिड, सहारनपूरकडचे नक्षीवाले, बिहार-बंगालचे तरुण, आणि अधूनमधून बेळगाव-चिकोडीकडचे, मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलणारे मिस्त्री. संध्याकाळी जाताना पुन्हा तीच तपासणी.

संपादकांनी या लेखासाठी विषय दिला तो ‘कारागीर’. कारागिराच्या कसबाबद्दल आपल्याकडे चांगलं लेखन झालं आहे. मला मात्र या रांगेकडे बघताना वेगळाच प्रश्न पडला. या रस्त्यावरच्या वसाहतींत रोज तंटे होतात, आणि त्यांतले निम्मे तरी कुणाच्या ना कुणाच्या हातच्या कामावरून असतात. कपाटाचं दार लागत नाही, फरशी पोकळ वाजते, न्हाणीघर खाली गळतं. निवाडा करायला समिती बसते. तिच्यात इंजिनियर असतात, हिशेबतपासनीस असतात, निवृत्त अधिकारी असतात. ज्याला लाकूड कळतं, तो दाराबाहेर उभा असतो. हे नेहमी असंच होतं का?

नव्हतं. आपल्याकडे तर नव्हतंच.

निशाणी

17व्या आणि 18व्या शतकातल्या मराठी गावात वतनाचा, हद्दीचा, वाटणीचा तंटा उठला की गोत बसायचं. गोतसभा म्हणजे पाटील, कुलकर्णी, पेठ असेल तर शेटे-महाजन, आणि त्यांच्या जोडीला गावचे बलुतेदार: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, महार. परगण्याचा मामला असला तर देशमुख-देशपांडे आणि शेजारच्या गावांचे लोकही यायचे. सरकारचा अधिकारी हजर असे, पण गावाची माहिती त्याला कुठून असणार? ती गोताकडे होती.

या कामाची रीत कच्ची नव्हती. आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत; ‘पंच जे करतील ते आम्हांस मान्य’ अशा अर्थाचा तो कागद, नोकरी सोडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मग जामीन. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली बाजू. आपल्या गावचे पंच समोरच्याच्या बाजूला झुकतील अशी भीती वाटली तर पक्षकार दुसरं थळ मागू शकत असे, आणि तंटा परगावच्या सभेपुढे जाई. साक्षी होत. कागद नसले आणि साक्षीही एकमेकींना छेदू लागल्या तर दिव्य करायची वेळ येई: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून मोहोर करायची, आणि काही दिवसांनी हात बघायचा. शेवटी महजर, म्हणजे सभेच्या निवाड्याचा कागद, लिहिला जाई. हरलेला येजितखत लिहून देई की माझा दावा खोटा ठरला. जिंकलेल्याकडून सरकार हरकी, म्हणजे जिंकल्याची रक्कम, घेई, आणि हरलेल्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. म्हणजे न्याय फुकट नव्हता, कुणालाच नव्हता.

माझं लक्ष धरून ठेवतो तो महजराचा शेवटचा भाग. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून असले कागद गोळा करत होते, म्हणून आज ते साधनग्रंथांत छापील वाचता येतात. सभेला हजर असलेल्यांची नावं ओळीने येतात, आणि लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे त्याची निशाणी. पाटलाचा नांगर. शेट्याचा तराजू. न्हाव्याचा आरसा. सुताराने, लोहाराने, चांभाराने आपापल्या हत्याराची खूण करायची. मोडीच्या सलग धावत्या ओळींखाली ही छोटी छोटी अवजारं उभी असतात. अंगठ्याचा ठसा सगळ्यांचा सारखाच दिसतो. ही निशाणी मात्र सांगते की हा माणूस कोण, गावात काय करतो, आणि कशाच्या जोरावर इथे बसला आहे.

डेक्कन कॉलेजने 1953 साली वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयात शिरणाऱ्याला अजूनही त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. असे कागद एकापाठोपाठ वाचताना एक गोष्ट पटत जाते. बलुतेदाराला सभेत बसवण्यात उपकाराची भावना नव्हती. गरज होती. विहिरीची मोट कुणाच्या शेतावर चालायची, हे तिचं चाक करणाऱ्या सुताराला ठाऊक. कुणाच्या घरात कोणती सोयरीक झाली हे न्हाव्याला ठाऊक. शिवेचा दगड मूळचा कुठे होता, हे महारापेक्षा जास्त कुणाला ठाऊक नसे, म्हणून हद्दीच्या तंट्यात त्याचा शब्द निर्णायक मानला जाई.

आणि इथेच थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं गोड स्वप्न होऊन बसेल. शिवेवर ज्याचा शब्द अखेरचा, त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. सभेत बसायची जागाही जातीच्या उतरंडीने ठरलेली. बायकांना त्या ओळीत जवळपास स्थान नव्हतं. जे गोत वतनाचा न्याय करी, तेच माणसाला वाळीत टाकू शके. गोतसभा परत आणा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. पण कसबाचं ज्ञान ही निवाड्याला लागणारी गोष्ट आहे, एवढं त्या सभेला कळलं होतं, आणि ते आपण टाकून दिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रापी घेऊन निघालेला माणूस

त्याच 18व्या शतकात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एक चांभारकाम करणारा माणूस न्यायासनापर्यंत पोचला. रॉजर शर्मन. अमेरिकेत त्याचं नाव वॉशिंग्टन-जेफर्सनच्या मानाने कमी घेतलं जातं. आपल्याकडे तर नाहीच.

जन्म 1721चा, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनचा. वाढला स्टॉटन गावात. बाप शेती करायचा आणि जोडे शिवायचा. मुलगा बापाच्या हाताखाली तेच शिकला. शाळा बेताची. गावच्या पाद्र्याने, सॅम्युएल डनबारने, त्याला पुस्तकांची गोडी लावली. कातडं शिवताना समोर पुस्तक उघडं असायचं, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. बाप 1741 साली वारला. दोन वर्षांनी शर्मन कुटुंबाच्या पाठोपाठ कनेक्टिकटमधल्या न्यू मिलफर्डला गेला. हत्यारं पाठीवर टाकून चालत गेला, असंही सांगतात.

मग त्याचं आयुष्य एकेक पायरी चढत जातं. गणित स्वतःच्या स्वतः शिकला आणि 1745मध्ये जिल्ह्याचा जमीन-मोजणीदार झाला. भावाबरोबर दुकान चालवलं. 1750पासून दहाएक वर्षं पंचांग काढलं, ग्रहताऱ्यांचं गणित स्वतः करून. 1752 साली एक पुस्तिका लिहिली, शेजारच्या वसाहतींचे किंमत घसरत जाणारं कागदी चलन गळ्यात मारून घेणं हा अन्याय कसा आहे, यावर. दुकानदार होता, त्याला ते रोज सोसावं लागत होतं. 1754मध्ये, कुठल्याही वकिलाच्या हाताखाली रीतसर न शिकता, वकिलीची सनद मिळाली. पुढच्याच वर्षी तो जस्टिस ऑफ द पीस आणि वसाहतीच्या विधिमंडळाचा सभासद झाला. 1766मध्ये कनेक्टिकटच्या सुपीरियर कोर्टाचा न्यायाधीश. हे पद त्याने 1789पर्यंत, म्हणजे 23 वर्षं सांभाळलं.

आजच्या नजरेला खटकेल अशी एक गोष्ट म्हणजे याच काळात तो विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातही बसत होता. कायदा करणारा आणि लावणारा एकच. पुढे कनेक्टिकटने दोन्ही पदं एकत्र ठेवायला मनाई केली तेव्हा त्याने न्यायासन ठेवलं आणि दुसरं सोडलं.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायला 1776 साली पाच जणांची समिती नेमली, तिच्यात जेफर्सन, अ‍ॅडम्स, फ्रँकलिन यांच्या बरोबरीने शर्मन होता. 1774चा वसाहतींचा बहिष्कार-करार, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संघराज्याचा पहिला करार आणि 1787ची राज्यघटना, या चारही कागदांवर सही असलेला तो एकटाच. दिसायला ओबडधोबड होता. भाषण करताना त्याचे हात किती अवघडतात, हे जॉन अ‍ॅडम्सने रोजनिशीत टिपून ठेवलं आहे, आणि त्याच अ‍ॅडम्सला त्याच्या सचोटीबद्दल नितांत आदर होता.

शर्मनच्या जुन्या चरित्रांत एक किस्सा येतो. सैन्यासाठी घेतलेल्या जोड्यांचा हिशेब समितीपुढे आला. आकडे सगळ्यांच्या नजरेखालून गेले, कुणाला काही वावगं दिसलं नाही. शर्मनने कातड्याची किंमत, तळव्याची, शिलाईची मजुरी एकेक करून मांडली आणि ठेकेदाराने सरकारला लुबाडलं आहे हे दाखवून दिलं. हे तुम्हांला कसं ठाऊक, असं विचारल्यावर त्याने आपण मूळचे जोडे शिवणारे असल्याचं सांगितलं. किस्सा शब्दशः तसाच घडला असेल वा नसेल. त्या सभागृहात ही बेरीज करू शकणारा माणूस बसलेला होता, ही गोष्ट खरी आहे.

1787च्या घटनासभेत मोठी राज्यं लोकसंख्येप्रमाणे जागा मागत होती, छोटी राज्यं बरोबरीच्या. सभा मोडायच्या बेताला आली होती. शर्मनने 11 जूनला सुचवलं, की एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा द्या, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारखं मत. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पाच आठवडे भांडून 16 जुलैला सभा जवळपास तिथेच येऊन ठेपली आणि ठराव एका मताने तरला. आपण राज्यसभा केली तेव्हा हा समान जागांचा भाग घेतला नाही. महाराष्ट्राला 19, कर्नाटकाला 12, गोव्याला 1.

ही तडजोडीची सवय त्याला कुठून आली असेल? मला वाटतं, गावातल्या छोट्या तंट्यांतून. मोजणीदार म्हणून त्याने दोन शेजाऱ्यांमध्ये रेषा आखली होती, दुकानदार म्हणून उधारी वसूल केली होती, आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणून कुंपणाची आणि कर्जाची भांडणं ऐकली होती. दोघांनाही उद्या एकाच गावात राहायचं आहे, हे असल्या कामात विसरता येत नाही. त्याच तडजोडीच्या वृत्तीने घटनासभेत गुलामगिरीलाही वाट करून दिली आणि शर्मनने ती स्वीकारली, हेही लिहिलं पाहिजे. जिथे ज्याचं नुकसान होतं तोच खोलीत नसतो, तिथे तडजोड इतरांना फार स्वस्त पडते.

1793 साली तो वारला तेव्हा सिनेटर होता, आणि न्यू हेवनचा महापौरही.

ओळ कुठे तुटली

शर्मन मरण पावला त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1818 साली, पेशवाई बुडाली. इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819च्या अहवालात इथल्या पंचायतीची बारकाईने नोंद केली. तिचे दोष त्याला दिसत होते: पंच वेळेवर येत नाहीत, त्यांना मेहनताना नाही, निकालाची अंमलबजावणी ढिली. तरीही दिवाणी तंटे शक्यतो तिच्याकडेच राहावेत असा त्याचा कल होता. पण 1827च्या कायदेसंहितेने अदालतींची चौकट पक्की केली, आणि पंचायत हळूहळू कडेला गेली.

बंदी घालावी लागली नाही. वर अपील करायला कोर्ट असेल, कागदाला तिथे वजन असेल, आणि वकील मिळत असेल, तर दिवसाची मजुरी बुडवून पंचाच्या ओळीत बसायला सुतार कशाला येईल? तो कोर्टात गेला तो साक्षीदार म्हणून. नांगर, आरसा, तराजू गेले आणि अंगठा आला. अदालतीने पुष्कळ चांगलं केलं: जातीच्या पंचांपासून पळून जायला माणसाला दार मिळालं, हे केवढं मोठं. पण कारागीर निवाडा देणाऱ्याच्या बाजूने उठून निवाडा घेणाऱ्याच्या बाजूला बसला, तो कायमचा. अमेरिकेत नव्या राज्याने त्याला वर खेचलं. आपल्याकडे नव्या राज्याने त्याला उठवलं.

सर्जापूर रोडच्या, म्हणजे बंगळुरूच्या या भागालाही मराठी रीतींची ओळख आहे. 1638नंतर आदिलशाहीने बंगळुरू शहाजीराजांना जहागिरीत दिलं, पुढे ते त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे आलं, आणि 1687मध्ये मोगलांनी ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकलं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं ते मराठ्यांकडे होतं.

रस्त्याच्या टोकाचं गाव

दोम्मसंद्रच्या पुढे इमारती विरळ होतात आणि सर्जापूर येतं, आनेकल तालुक्यातलं. ज्याच्या नावाने एवढा मोठा रस्ता ओळखला जातो, ते गाव बघायला रस्त्यावर राहणारे फारसे जात नाहीत. म्हैसूर संस्थानच्या जुन्या गॅझेटियरमध्ये सर्जापूरची नोंद विणकरांचं गाव म्हणून आहे: सुती कापड, गालिचे, नाडे, आणि पूर्वी इथे उंची मलमल निघत असे.

मागल्या गल्लीत एका घरात माग चालू होता. आतला वयस्क माणूस रेशमी साडीच्या काठाशी थांबून तुटलेला धागा जोडत होता. दोन बोटांत टोकं घेतली, पीळ दिला, ओलं बोट फिरवलं, आणि जोड कुठे आहे हे मला शोधूनही सापडेना. मी मोडक्या कानडीत विचारलं, की साडीत दोष निघाला आणि व्यापाऱ्याने पैसे कापले तर तक्रार कुणाकडे करायची? तो म्हणाला, व्यापाऱ्याकडेच. मग थोडं थांबून म्हणाला की त्याच्या आज्याच्या वेळी चार जुने विणकर बसायचे आणि कापड उजेडाकडे धरून सांगायचे, दोष सुताचा आहे की हाताचा. आता कापड उजेडाकडे धरणारं कुणी उरलं नाही.

ओळंबा

दोड्डकन्नळ्ळीजवळच्या एका वसाहतीत, जिचं नाव इथे नको, रविवारी सकाळी समितीची बैठक होती. एका मराठी बाईंच्या घरातल्या कपाटांची दारं तीन महिन्यांत वाकडी झाली होती. ठेकेदाराचे शेवटच्या हप्त्याचे पैसे त्यांनी अडवून ठेवले होते. ठेकेदार म्हणत होता, सामान करारात होतं तेच वापरलं. समितीपुढे करार होता, बिलं होती, मोबाइलवर काढलेले फोटो होते. पाऊण तास हप्त्याच्या कलमावर बोलणं चाललं.

कपाट बसवणारा मिस्त्री बाहेर कट्ट्यावर बसला होता. चिकोडीकडचा, साठीला टेकलेला. बाईच त्याला आत घेऊन आल्या. “मिस्त्रीमामा, तुम्हीच सांगा ना यांना काय झालंय ते.”

“इथं बसून काय सांगू, ताई? घरात चला की.”

सगळे अकराव्या मजल्यावर गेले. मिस्त्रीने पिशवीतून ओळंबा काढला, दोरी चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला धरली आणि लोळी खाली सोडली. ती हलायची थांबेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “बघा.” वर दोरी भिंतीला चिकटलेली होती, खाली भिंत आणि दोरी यांच्यात बोट जाईल एवढी फट. त्याने गुण्या काढून कोपऱ्याला लावला. तिथेही उजेड दिसला. मग एका दाराची बिजागरी सोडवून दार जमिनीवर आडवं ठेवलं. “ह्ये मात्र आमचं चुकलंय. एवढ्या उंच दाराला आतल्या अंगानं पण लॅमिनेट पायजे. एकाच अंगाला मारलंय, म्हणून ओढलंय. मी सांगितलं हुतं, पन पैसं वाचवायचं म्हनून ऱ्हायलं.” ठेकेदार गप्प होता.

म्हणजे दोष दोन होते. भिंत मुळातच ओळंब्यात नव्हती, तो बांधणाऱ्या कंपनीचा. दार एकाच बाजूने मढवलं, तो ठेकेदाराचा. बाईंचा दोष नव्हता. पाऊण तासात कागदांतून जे निघालं नव्हतं ते दहा मिनिटांत निघालं, आणि ते सांगताना त्या माणसाने स्वतःच्या मालकाची आणि स्वतःची बाजूही सांभाळली नाही. हजर असलेल्यांपैकी कुणी त्यावर वाद घातला नाही. दोरी सगळ्यांना दिसत होती.

खाली येऊन समितीने लिहून काढलं: ठेकेदाराने दारं बदलून द्यावीत, मग बाईंनी हप्ता द्यावा, भिंतीबद्दल बिल्डरला पत्र जावं. खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सह्या. मिस्त्रीचं नाव कागदावर कुठे नव्हतं. मी अध्यक्षांना विचारलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले की समितीवर घरमालकच येऊ शकतात, उपविधीच तसे आहेत. ते बरोबर होतं. कर्नाटकाच्या 1972च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची सगळी रचनाच मालकांभोवती आहे. पण निवाड्याच्या कागदात ‘अमुक मिस्त्रीने समक्ष मोजून दाखवलं’ असं एक वाक्य लिहायला कुठलाच कायदा आडवा येत नाही, आणि हे मी त्यांना तिथेच सांगितलं. बाईंनी दुजोरा दिला. सचिवांनी कागद पुन्हा पुढे ओढून ते वाक्य घातलं, आणि नाव नीट लिहिण्यासाठी मिस्त्रीला आडनावासकट विचारून घेतलं.

मिस्त्रीचा त्या दिवसाचा अर्धा रोज बुडाला होता. एल्फिन्स्टनला पंचायतीत दिसलेला दोष हाच, पंचाला मेहनताना नाही. समितीच्या खात्यातून तो देता येईल का, यावर थोडा वेळ बोलणं झालं, आणि देता येतो असं खजिनदारांनी सांगितलं.

त्याच वसाहतीत नवव्या मजल्यावरचं न्हाणीघर आठव्यात गळतं आहे, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. ती बैठक पुढच्या रविवारी अकराला आहे. प्लंबरला सुरुवातीपासून आत बसवायचं ठरलं आहे, आणि त्याच्या रोजाचे पैसे आधीच मंजूर केले आहेत.